फ्लॉरेन्स, बाहेरून

नंदकुमार चांदोरकरांनी फ्लॉरेन्समध्ये नेमकं काय पाहिलं, यावर लंडनच्या मराठी मंडळात अजून चर्चा होते. लंडन म्हणजे आपलं, ऑन्टारिओमधलं. हा खुलासा चांदोरकर गेली अठ्ठेचाळीस वर्षं भारतातल्या एकेका नातेवाइकाला करत आले आहेत आणि तरी अजून कुणी ना कुणी त्यांना राजवाड्याबद्दल विचारतंच. असो. तर फ्लॉरेन्समध्ये काय पाहिलं याचं खरं उत्तर बरेच दिवस फक्त चांदोरकर आणि त्यांच्या पत्नीला माहीत होतं आणि ते असं होतं: काहीही नाही.

तसा सहलीच्या आखणीत दोष नव्हता. चांदोरकर काउंटीचे निवृत्त इंजिनिअर. एकतीस वर्षं पूल आणि मोऱ्या बांधलेला माणूस. सप्टेंबरातल्या इटलीच्या अकरा दिवसांचं त्यांनी एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचं कोष्टक केलं होतं. त्यात फ्लॉरेन्सला एक दिवस. सकाळी साडेआठला चित्रांचं मोठं म्युझियम, साडेअकराला तो जगप्रसिद्ध संगमरवरी पुतळा, दीडला शाकाहारी मिळणाऱ्या एका खाणावळीत जेवण, तीनला घुमटवालं चर्च. वॉशरूमसाठीसुद्धा दोन रकाने होते, आणि ते रंगवलेले होते.

घोळ झाला तो हेमचंद्र सबनिसांमुळे. हे मागच्या गल्लीत राहतात आणि ग्रुप टूरने दोनदा इटलीला जाऊन आल्यामुळे तिथले जावईच असल्यासारखे बोलतात. निघायच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम सांगायला आले. "चांदोरकर, बाकी काही विसरा, पण बॅग अंगावेगळी करू नका. तिथे माणूस हसत हसत बोलतो आणि बॅग नेतो. तुम्ही थँक्यू म्हणता आणि तो जातो."

चांदोरकरांनी हा उपदेश काळजावर कोरून घेतला. बॅग म्हणजे एक निळी हॅवरसॅक. तिच्यात दोघांचे पासपोर्ट, प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळ्या, दोन रेनकोट, थर्मास, बावीस दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. परदेशात खायचे हाल होतात, हे अठ्ठेचाळीस वर्षं परदेशातच जेवलेल्या माणसाचं ठाम मत होतं.

पहिल्याच दारावर पहारेकऱ्याने हॅवरसॅककडे बोट दाखवलं आणि मग पलीकडच्या काउंटरकडे. बॅग तिथे ठेवा, बिल्ला घ्या, आत जा. काउंटरवरची मुलगी हसली. हसली म्हटल्यावर चांदोरकर दोन पावलं मागे सरले.

"मृणाल, तू जा आधी. मी इथे बसतो. तू आलीस की मी जातो," ते बायकोला म्हणाले.

कागदावर ही योजना निर्दोष होती. पण मृणालिनीताई म्हणजे लग्नाआधी नागपूरच्या शाळेत चार वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या बाई. पुढे इथे येऊन तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये फायली लावल्या, तो भाग वेगळा. त्या आत गेल्या आणि दोन तास पन्नास मिनिटांनी बाहेर आल्या. तोवर चांदोरकरांच्या तिकिटाची वेळ टळून गेली होती आणि कोष्टकाप्रमाणे पुतळा सुरू व्हायला आला होता. धावत तिथे गेले, तर एवढी मोठी बॅग मुळीच चालत नाही आणि ठेवायची सोयही नाही. "तू जा," चांदोरकर म्हणाले. खाणावळीची वेळ रांगेतच गेली. मग दोघं एका पायरीवर दशम्या काढून बसले, तर एक पोलीसबाई येऊन 'इथे बसून खायचं नाही' अशा खुणा करू लागली. शेवटी जगातल्या त्या एवढ्या सुंदर शहरातून चांदोरकर दांपत्य एका हातात दशमी आणि दुसऱ्या हातात लोणच्याची फोड धरून चालत जेवलं. चर्चमध्येही बॅग नाही म्हणाले. तेव्हा तर चांदोरकरांनी विचारलंही नाही, सरळ सावली बघून बसले.

संध्याकाळी ट्रेनमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "कसं होतं गं?"

"सांगते सावकाश," मृणालिनीताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. नंतर चांदोरकरांनी पुन्हा विचारलं नाही. ज्याने कोष्टक केलं त्यानेच 'आत काय होतं' म्हणून विचारायचं, हे त्यांना अपमानाचं वाटत होतं.

हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ऑक्टोबरात, मंडळाच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, डॉक्टर दीनानाथ रेगे समोर बसले. रेगे निवृत्त भूलतज्ज्ञ. वर्षापूर्वी त्यांनी मंडळाच्या ज्येष्ठ कट्ट्यावर अंटार्क्टिकावर व्याख्यान दिलं होतं, एकशेचाळीस स्लाइड्स, त्यात एकशे अकरा पेंग्विन. तेव्हापासून प्रवास या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा.

"पुतळा पाहिलात का हो?" रेग्यांनी विचारलं.

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? पण शेजारी सबनीस बसले होते आणि सहलीच्या आखणीपासून गेले आठ महिने चांदोरकरांनी त्या पुतळ्याची उंची, वजन आणि दगडाची जात सगळ्यांना ऐकवली होती.

"मोठा आहे," चांदोरकर म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. पण रेगे म्हणाले, "प्रत्यक्ष समोर उभं राहिलं की काहीतरी होतं नाही माणसाला?" आणि चांदोरकर म्हणाले, "होतं ना." हे मात्र खोटं होतं, आणि नेमकं ते मंडळाच्या सेक्रेटरीने ऐकलं.

सेक्रेटरी म्हणजे चैत्राली. पुण्याहून सॉफ्टवेअरमध्ये आलेली, तीन वर्षं झाली, अतिशय कामसू मुलगी. "काका, ज्येष्ठ कट्ट्याचा नोव्हेंबरचा स्लॉट ओपन आहे. तुम्ही टॉक द्या ना प्लीज. आणि काकू, तुम्ही खाण्याचं बघाल? समथिंग इटालियन?"

मंडळात पस्तीस वर्षं हाच शिरस्ता आहे. गृहस्थ स्टेजवर, वहिनी किचनमध्ये. अंटार्क्टिकाच्या वेळी रेगेवहिनींनी साठ माणसांचा दहीभात केला होता, रंग जुळावा म्हणून. तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मृणालिनीताईंनीही मान डोलावली, आणि रात्री जेवणं व्हायच्या आत व्हॉट्सॅपवर पोस्टर आलं: 'फ्लॉरेन्स: एक प्रत्यक्षानुभव. वक्ते: श्री. नंदकुमार चांदोरकर. अल्पोपाहार: सौ. मृणालिनी चांदोरकर.' प्रत्यक्षानुभव हा शब्द चांदोरकरांनी चार वेळा वाचला.

पुढच्या तीन आठवड्यांत कोणत्या गोष्टीने त्यांना जास्त छळलं हे सांगणं अवघड आहे. कम्युनिटी सेंटरचा हॉल बुक करायचा फॉर्म अकरा पानांचा होता. सातव्या पानावर प्रश्न: कार्यक्रमात नग्नता आहे का? चांदोरकर प्रामाणिक माणूस, फक्त एका बाबतीत घसरलेला. त्यांनी लिहिलं, 'हो, पण संगमरवरी.' दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. किती वेळ? प्रेक्षकांचं वय काय? सरासरी त्र्याहत्तर, चांदोरकरांनी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, सुपरवायझरना विचारते. सुपरवायझरनी परवानगी दिली, पण गरम अन्न चालणार नाही, आणि साडेचारला हॉलला कुलूप लागेल म्हणजे लागेल.

गरम नाही म्हणून तिरामिसू, म्हणजे कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांवर क्रीमचे थर, असं ठरलं. मंडळ म्हटल्यावर त्यात अंडं नाही आणि दारू नाही, हे ओघानेच आलं. मग चैत्रालीचा मेसेज: त्या रविवारी संकष्टी आहे, सतरा जणांचा उपास आहे, उपासाचं तिरामिसू होईल का? मृणालिनीताईंनी राजगिऱ्याची बिस्किटं कॉफीत बुडवून एक ट्रायल केली. चांदोरकरांनी ती खाल्ली आणि 'छान आहे' म्हणाले. आता खोट्याची त्यांना सवय व्हायला लागली होती.

पण खरा प्रश्न फोटोंचा होता. मृणालिनीताईंच्या फोनमध्ये आतले चारशे बारा फोटो होते. चांदोरकर निर्धास्त होते. फोटो लावायचे, खाली इंटरनेटवरची माहिती टाकायची, झालं. एका शनिवारी बेसमेंटमध्ये बसून त्यांनी फोटो लॅपटॉपवर घेतले आणि बघतच राहिले. पहिला फोटो एका पायाचा होता. दुसरा हाताचा. तिसरा पुन्हा पाय, चवथा घोटा, पाचव्यात तीन बोटं, सहाव्यात कोपर. अख्खं चित्र एकही नाही. कोणाचा पाय, कोणाचा हात, काही पत्ता नाही. दोनशे फोटो पाहून झाल्यावर चांदोरकरांना स्वतःच्या पायांकडेही बघवेना आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

बायकोला विचारावं, तर 'मी काहीच पाहिलं नाही, तू सांग' असं म्हणायला हवं. त्यांनी आडून प्रयत्न केला.

"हा पाय आठवतोय ना तुला?"

मृणालिनीताई क्रीम घोटत होत्या. "कुठला?"

"हाच. डावा."

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "तिसऱ्या खोलीतला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घोटायला लागल्या. त्यांचा चेहरा क्षणभर एकदम तरुण झाल्यासारखा चांदोरकरांना वाटला. पण तिसरी खोली कुठली, हे काही त्यांना कळलं नाही.

ओटाव्याहून लेकीचा, ईशिताचा, फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, व्हाय इजन्ट आई गिव्हिंग द टॉक?"

"अगं, ती खाण्याचं बघते आहे ना."

मग ईशिता "ओके, बाबा" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपल्या उत्तरात काही चुकलं असं चांदोरकरांना वाटलं नाही.

रविवारी नेमका पहिला स्नो पडला. लोक येणार नाहीत अशी चांदोरकरांना फार आशा होती. अठ्ठावन्न आले. बूट काढून, कोट खुर्च्यांवर टाकून, सगळे स्थिरस्थावर झाले. पहिल्या रांगेत मध्यभागी रेगे, शेजारी सबनीस. डावीकडे किचन आणि हॉल यांच्यामध्ये वाढायची खिडकी होती. तिच्या आड मृणालिनीताई एप्रन बांधून दोन ट्रे घेऊन उभ्या होत्या. निळी हॅवरसॅक चांदोरकरांनी किचनच्या कोपऱ्यात, बायकोच्या नजरेसमोर ठेवली. एरवी ती त्यांनी स्टेजवरही नेली असती.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. त्यांनी नदीपासून सुरुवात केली. पुराची पातळी, पुलाच्या कमानी, कमानींवरचा भार. पूल त्यांनी खरोखर पाहिला होता आणि पुलावर ते दोन तासही बोलले असते.

"चांदोरकर, कलेकडे वळा," रेगे म्हणाले.

ते वळले. पडद्यावर भलामोठा पाय आला.

"हा कोणाचा?" रेग्यांनी विचारलं.

"संताचा," चांदोरकर म्हणाले. इटलीत संत पुष्कळ, हे त्यांनी वाचलं होतं.

"संताला बनियन झालेला दिसतोय, आमच्या डॉक्टरी भाषेतला. अंगठ्याची गाठ बघा."

पुढच्या स्लाइडवर हात आला. हाही संताचा. मग घोटा. तोही संताचाच. "एकच संत आहे की पुष्कळ?" मागून कोणीतरी विचारलं, आणि चार-सहा लोक हसले. सबनीस म्हणाले, "अहो, पण चेहरे कुठेत?" चांदोरकरांनी भराभर पाच पाय पुढे सारले.

तेव्हा रेगे पुढे झुकले. त्यांचा आवाज पेशंटला 'आता दहापर्यंत आकडे म्हणा' असं सांगताना असेल तसा मऊ होता. "ते जाऊ दे. पुतळ्याबद्दल सांगा. तुम्ही तर समोर उभे होतात. मला नेहमी उत्सुकता वाटते, मागून कसा आहे हो तो? पाठीवर काय आहे?"

समोरून पुतळा कसा आहे हे चांदोरकरांना पाठ होतं. मागून कसा आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. डावीकडे पाहिलं. खिडकीत मृणालिनीताई उभ्या होत्या, सुरी तिरामिसूत अर्धी रुतलेली आणि नजर पडद्यावर. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. पण त्या उत्तर देत होत्या. आणि चांदोरकरांच्या ध्यानात आलं की पहिल्या पायापासून ही बाई खिडकीआड उभी राहून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते आहे आणि आपल्याला ते आत्ता दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं. रेग्यांसमोर पडणाऱ्या तोंडापेक्षाही जास्त वाईट वाटलं, आणि याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

"मला माहीत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "मी आत गेलोच नाही."

सबनिसांनी वळून रेग्यांकडे पाहिलं.

"मी बाहेर बॅग सांभाळत होतो. दिवसभर. तीनही ठिकाणी." मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. हसरी मुलगी, बिल्ला, पोलीसबाई, दशम्या. लोक इतके हसले की सबनिसांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि दोष त्यांचाच होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चांदोरकरांना ते हसणं झोंबलं. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "आत ही होती. मृणाल, ये इकडे."

"अहो, माझे हात भरलेत," खिडकीतून उत्तर आलं.

चांदोरकर स्टेजवरून उतरले, किचनमध्ये गेले, बायकोच्या हातातली सुरी घेतली आणि तिचा एप्रन स्वतःच्या पोटावर बांधायला लागले. नाडी पुरेना, ती चैत्रालीने बांधली. मृणालिनीताई हात पुसत बाहेर गेल्या.

"मागे गोफण आहे, डॉक्टर," त्यांचा आवाज आला. "खांद्यावरून खाली पाठीवर आलेली. समोरून बघणाऱ्याला वाटतं तो नुसता उभा आहे. आणि तो पहिला पाय संताचा नाही हो. वसंत ऋतूच्या चित्रात बायका नाचताहेत, त्यातल्या एकीचा आहे. चेहरे सगळेच बघतात. शाळेत मी मुलांना चेहरे छान शिकवायचे, पण पाय माझे मलाच कधी जमले नाहीत. म्हटलं, ज्यांना जमले त्यांचे बघून घ्यावेत."

यानंतरचं चांदोरकरांनी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, कारण किचनमध्ये वेगळंच संकट उभं होतं. दोन ट्रे, दोन्ही तपकिरी, दोन्हींवर कोको. उपासाचं कोणतं, हे फक्त मृणालिनीताईंना माहीत होतं आणि त्या तिथे हाताच्या बोटांबद्दल बोलत होत्या. चांदोरकरांनी दोन्ही चाखून पाहिलं आणि काही उलगडा झाला नाही. चैत्राली म्हणाली, "काका, जस्ट गेस करा." सतरा जणांच्या संकष्टीची जबाबदारी अशी अंदाजावर घ्यायची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी डावा ट्रे उपासाचा ठरवला. तो बरोबर होता की नाही हे अजून कळलेलं नाही आणि मंडळात कोणी विचारत नाही.

मधेच बाहेरचा आवाज हळू झाला म्हणून ते थांबले.

"तर वरच्या मजल्यावर एक लांब खिडकी आहे," मृणालिनीताई सांगत होत्या. "तिथून खालचं अंगण दिसतं. माझ्या चारशे बारा फोटोंत हा एकच पूर्ण माणूस आहे. दर दहा चित्रांनंतर मी त्या खिडकीशी येऊन बघायचे. हे तिथेच. बॅगेचे दोन्ही पट्टे छातीशी धरलेले. तिथे एवढी चित्रं होती, पण इतकं मन लावून बसलेलं कोणी नव्हतं. मला खाली येऊन सांगावंसं वाटायचं, पण मग वाटायचं, आणखी एक खोली बघून जाऊ. म्हणून तीन तास लागले."

पडद्यावर काहीतरी आलं असावं, कारण हॉलभर हसू उठलं आणि मग ते मऊ होत गेलं. चांदोरकर सुरी घेऊन खिडकीशी धावले. खिडकीसमोर सबनीस रिकामी डिश घेऊन उभे होते, पाठमोरे, रुंद. "सरका," चांदोरकर म्हणाले. सबनिसांना वाटलं वाढताहेत, त्यांनी वळून डिश पुढे केली. त्यांना वळसा घालून चांदोरकर दारातून बाहेर येईपर्यंत सेंटरच्या माणसाने दिवे लावले होते. साडेचार वाजले होते. प्रोजेक्टर बंद, पडदा पांढरा.

"काय फोटो आहे हो," रेगे जवळ येऊन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात शेवटचा शब्द नव्हता. "पाहिलात ना?"

"नाही," चांदोरकर म्हणाले. "मी किचनमध्ये होतो."

पार्किंगमध्ये गाडीवर चार बोटं स्नो साचला होता. मृणालिनीताईंना लोक सोडत नव्हते, त्या गाडीशी आल्या तेव्हा हॉलला कुलूप लागून सेंटरचा माणूस निघूनही गेला होता. चांदोरकर काच ब्रश करत होते. आत बसल्यावर मृणालिनीताईंनी मागच्या सीटकडे पाहिलं.

"अहो, बॅग?"

बॅग किचनच्या कोपऱ्यात राहिली होती. आवरताना ठेवलेला लॅपटॉप, पाकीट, घराच्या दुसऱ्या किल्ल्या, सगळं तिच्यात. चांदोरकरांनी कुलूपबंद दाराकडे पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत, किंबहुना गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत, अशी वेळ आली नव्हती. ते दार उघडून उतरायला निघाले, एक पाय स्नोमध्ये ठेवला, आणि तो परत आत घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या फोन करू सेंटरच्या बाईंना. तुझा फोन काढ."

"तो फोटो दाखवू?"

"तो सावकाश. आधी पहिल्यापासून," चांदोरकर म्हणाले आणि त्यांनी हीटर लावला. "तो पहिला पाय जिचा, ती नाचता नाचता बघतेय कोणाकडे?"